वाचकांचे प्रश्न : लग्नाचा पहिला वाढदिवस

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रसंगाभोवती फिरत होती. लग्नाला एक वर्ष पूर्ण होत आहे, तो दिवस कसा साजरा करावा, करावा की नाही, आणि दिवस उजाडण्याआधीच त्यावरून मन का खट्टू झाले आहे, असे त्यांचे स्वरूप होते. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे गाळला आहे. पहिले उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे, कारण ते पत्र वाचताना मला माझ्या संसाराचे पहिले वर्ष आठवले आणि मग दोन ओळी लिहून मोकळे होणे मला जमले नाही.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला एक वर्ष होईल. माझ्या मनात या दिवसाविषयी खूप काही आहे. यांना समारंभाची हौस नाही हे मला माहीत आहे. तरी निदान पहिल्या वर्षी त्यांनी आपणहून काहीतरी ठरवावे असे वाटते. मी मुद्दामच विषय काढलेला नाही. माझी मैत्रीण म्हणते, गप्प राहा आणि त्यांना आठवते का ते बघ. मलाही ते पटते, कारण सांगून मिळवलेल्या गोष्टीत काय अर्थ? पण रोज रात्री कॅलेंडरकडे नजर गेली की जीव वरखाली होतो. मी करते आहे ते बरोबर आहे का?

उत्तर : तुमची अपेक्षा मुळीच चुकीची नाही, हे आधी सांगते. एक वर्ष एका माणसाबरोबर राहून त्या वर्षाची दखल त्याने घ्यावी असे वाटणे, यात हट्ट नाही की बालिशपणाही नाही. प्रश्न आहे तो गप्प राहण्याचा. तुम्ही यजमानांची परीक्षा घ्यायला बसला आहात आणि ती चालू आहे हे त्यांना ठाऊकच नाही. ते उत्तीर्ण झाले तर तुम्हाला एका संध्याकाळचा आनंद मिळेल. नापास झाले तर मात्र ‘पहिल्याच वर्षी विसरले’ हे वाक्य तुमच्या घरात वर्षानुवर्षे राहायला येईल. इतक्या असमान पैजेवर आपला एक चांगला दिवस लावू नये, असे मला मनापासून वाटते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात 1990 मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला एक साधा प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो. जोडीतल्या एकाने सर्वांना माहीत असलेले एखादे गाणे मनात म्हणायचे आणि बोटांनी टेबलावर त्याचा ठेका धरायचा. दुसऱ्याने केवळ तो ठेका ऐकून गाणे ओळखायचे. ठेका धरणाऱ्यांना वाटत होते की समोरची व्यक्ती निम्मी गाणी तरी ओळखेल. प्रत्यक्षात 120 गाण्यांपैकी फक्त 3 ओळखली गेली. कारण उघड आहे. ठेका धरणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्ये असे सगळे गाणे वाजत असते आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडते ती नुसती टकटक. तुम्ही स्वतः घरी दोघे मिळून करून पाहा; ठेका धरताना ‘अरे, इतके सोपे कसे कळत नाही’ अशी जी चिडचिड होते, ती ओळखीची वाटेल.

तुम्ही गेला महिनाभर असाच ठेका धरला असणार, असा माझा अंदाज आहे. लग्नातले छायाचित्र फोनवर उघडून फोन त्यांच्या बाजूला ठेवायचा, कॅलेंडरचे पान त्यांच्यादेखत पुढे उलटून पाहायचे, मैत्रिणीच्या नवऱ्याने काय केले ते सहज बोलता बोलता सांगायचे. तुमच्या मनात संपूर्ण गाणे वाजते आहे. त्यांना टकटक तरी ऐकू येते आहे की नाही, कोण जाणे.

आमच्या पहिल्या वाढदिवसाला मी सकाळपासून अशीच गप्प होते. सुट्टीचा दिवस होता. यांनी उठल्या उठल्या हत्यारांचा डबा काढला आणि कपाटाचे दार दुरुस्त करायला बसले. ते दार वर्षभर अर्धेच उघडत असे. हात आत घातला की कोपराला कडेचा ओरखडा बसायचा आणि मी रोज त्याबद्दल कुरकुरत असे. यांनी बिजागऱ्या काढल्या, एका डब्याच्या उलट्या झाकणात सगळे स्क्रू ओळीने मांडले, दाराची कड पॉलिशच्या कागदाने घासली. तीन तास हे चालले होते आणि त्या तीन तासांत मी मनातल्या मनात आमच्या संसाराचे भवितव्य ठरवून मोकळी झाले होते. रात्री त्यांनी हळूच विचारले, “दार आवडलं नाही का तुला?” त्यांच्या लेखी ती वाढदिवसाची भेट होती. वर्षभरात मी कशाची सर्वांत जास्त तक्रार केली ते लक्षात ठेवून त्यांनी तो दिवस त्यासाठी राखून ठेवला होता, पण तोंडातून एक शब्द काढला नव्हता. म्हणजे ठेका दोघेही धरत होतो. त्या रात्री मी रडले ते त्यांच्या विसरण्यामुळे नव्हे. दिवसभर मी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते, म्हणून.

तेव्हा माझा सल्ला असा की विषय तुम्ही काढा, आणि वेळ राखून काढा. आदल्या रात्री नको, थकून दोघेही आडवे झालेले असताना नको, आणि ‘तुम्हाला कधी काही आठवतच नाही’ या सुरुवातीने तर मुळीच नको. “एक तारखेपासून माझ्या मनात घोळतंय, आपल्या लग्नाला वर्ष होतंय. मला तो दिवस फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी संध्याकाळी आपण दोघांनीच असावं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?” इतके पुरे आहे. यात ‘मला काय वाटते’ आहे, ‘तुम्ही काय करत नाही’ नाही, आणि शेवटी खराखुरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत थांबायचे, हेही त्यातच आले.

‘सांगून मिळवलेल्या गोष्टीत काय अर्थ’ या तुमच्या प्रश्नाला मी टाळू इच्छित नाही, कारण त्यात खरे दुःख आहे. आपणहून सुचलेल्या गोष्टीची गोडी वेगळी असते, हे मान्य. म्हणून सगळेच सांगू नका. तो दिवस तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे एवढे स्पष्ट सांगा आणि त्या दिवसाचा एक भाग त्यांच्यावर सोडा : “संध्याकाळ मी ठरवते, सकाळ तुम्ही ठरवा.” मग त्या सकाळी जे घडेल ते तुम्ही सुचवलेले नसेल, आणि ते ठरवताना त्यांना तुमच्या मनातल्या गाण्याचे निदान पहिले कडवे तरी माहीत असेल. मात्र तो दिवस तुम्हाला किती हवा आहे हे नीट समजल्यावरही त्यांनी हसण्यावारी नेले, तर तो विसरण्याचा प्रश्न उरत नाही. तेव्हा ‘मला वाईट वाटले’ हे त्यांना त्याच दिवशी, सरळ सांगावे. साठवून ठेवू नये.

आणखी एक. जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत नवविवाहित जोडप्यांच्या अगदी बारीक देवाणघेवाणीचा अभ्यास केला. एकाने ‘हे बघ ना’ म्हणावे आणि दुसऱ्याने मान वर करून बघावे, इतक्या लहान गोष्टी त्यांनी मोजल्या. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र होती त्यांनी सुरुवातीच्या त्या पाहणीत जोडीदाराच्या अशा हाकांना 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली त्यांनी 33 टक्के वेळा. तुमचे यजमान समारंभाचे नाहीत असे तुम्ही लिहिता. मग ते हाक कशी मारतात? वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवतात का, तुमची गाडी पुसून ठेवतात का, झोपताना दाराची कडी तुमच्या समाधानासाठी पुन्हा तपासतात का? वाढदिवसाला अजून महिना आहे. तेवढ्यात तुम्हीही त्यांचा ठेका ऐकून पाहावा, अशी विनंती आहे.

प्रश्न : महोदया, आमचे पहिले वर्ष चांगले गेले नाही. लग्नानंतर चौथ्या महिन्यात माझे वडील अंथरुणाला खिळले. आम्ही दोघांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. पत्नी औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून तो दाराच्या मागे चिकटवत असे. वडील आता सावरले आहेत. पण त्या काळात आम्ही एकमेकांना खूप टाकून बोललो, आणि पैसा, वेळ, घरची कामे यांवरून अजूनही वाद होतात. अशा वर्षाचा वाढदिवस साजरा करणे मला ढोंगीपणाचे वाटते. पत्नीला मात्र तो करायचा आहे. काय करावे?

उत्तर : वाढदिवस म्हणजे सुखाचे प्रमाणपत्र, असे तुम्ही धरून चालला आहात. मी त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहते. एक वर्ष दोघांनी मिळून काढले, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तुमच्या बाबतीत तर ‘काढले’ हा शब्द शब्दशः खरा आहे. तुमच्या पत्नीला ज्या गोष्टीची आठवण ठेवावीशी वाटते ती बहुधा तीच असेल. तुम्ही तिला ‘काय साजरे करायचे आहे तुला?’ असे कधी शांतपणे विचारले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. आधी ते विचारा.

वर्षभरात उत्साह ओसरला याचीही तुम्ही खंत केली आहे, असे ओळींमागून जाणवते. जर्मनीतील 24,000 हून अधिक व्यक्तींची 15 वर्षांची माहिती तपासून रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवून दिले की लग्नाच्या सुमारास वाढलेले समाधान सरासरीने पाहता काही काळाने पुन्हा पूर्वीच्या पातळीला येते, पण माणसामाणसांत यात मोठा फरक असतो. कोणाचे समाधान वाढतच राहते, तर कोणाचे पहिल्यापेक्षाही खाली जाते. म्हणजे सुरुवातीची झळाळी कमी होणे हे तुमच्या नात्यातले न्यून नव्हे. त्यात वडिलांचे आजारपण आले, त्याची भर.

वादांविषयी एक प्रयोग तुमच्या उपयोगी पडेल. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 120 जोडप्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी सर्वच जोडप्यांचे समाधान थोडे घसरले. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी फक्त 7 मिनिटांचे लेखन दिले गेले. अलीकडचा एखादा वाद आठवायचा आणि दोघांचेही भले चिंतणाऱ्या, कोणाचीही बाजू न घेणाऱ्या तिऱ्हाइताला तो कसा दिसला असता ते लिहायचे. तसे पाहताना आपल्याला काय आडवे येते आणि पुढच्या वादाच्या वेळी ते कसे जमवता येईल, हेही लिहायचे. वर्षभरात एकूण 21 मिनिटे. ज्यांनी हे केले त्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालू राहिली. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे लेखन करणाऱ्या जोडप्यांचे वाद कमी झाले नव्हते. त्या वादांचा होणारा त्रास कमी झाला होता.

वाढदिवसाच्या दिवशी हे लेखन दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून करावे, असे सुचवते. एकच वाद निवडा, आणि तो सर्वांत मोठा नसावा. लिहिलेले एकमेकांना दाखवलेच पाहिजे असे नाही. पैसा, वेळ आणि कामे यांवरचे तुमचे वाद एका बैठकीत मिटतील अशी आशा मात्र ठेवू नका. दोन वेगळ्या घरांत वाढलेल्या, दोन वेगळ्या स्वभावांच्या माणसांतले बरेचसे मतभेद आयुष्यभर साथ करतात आणि त्यांच्यासह नांदायला शिकावे लागते.

औषधांच्या वेळांचा तो कागद अजून दाराच्या मागे असेल तर तो अलगद काढून घ्या. चिकटपट्टीबरोबर रंगाचा टवका निघाला तर निघू द्या. त्या कागदावर तिच्या अक्षरात वर्षातील किती रात्री लिहिलेल्या आहेत ते एकदा वाचा, आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर तिला चार ओळी लिहा. ढोंग करावे लागणार नाही असे वाढदिवसाचे पत्र तुमच्या घरात आधीच निम्मे लिहून तयार आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘टाकून बोललो’ या शब्दांत धाक, अपमान किंवा हात उगारणे यांचा समावेश असेल, मग तो कोणाकडूनही असो, तर वरचा एकही उपाय पुरेसा नाही. तेव्हा वाढदिवसाचा विचार बाजूला ठेवून विवाह-समुपदेशकाकडे जावे, आणि कोणाच्याही सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्याने आधी सुरक्षित ठिकाणी जावे.

प्रश्न : मला पहिल्या वाढदिवसाला दोन्हीकडची माणसे बोलवायची आहेत, पतीला आम्ही दोघांनीच कुठेतरी जावे असे वाटते. यावरून आमचा अबोला झाला आहे. योग्य काय?

उत्तर : दोन्ही योग्य आहे, आणि एकाच दिवशी दोन्ही करू पाहिलेत तर दोघांपैकी एकाचा हिरमोड ठरलेला आहे. पाहुणे असलेल्या घरात यजमानांना एकमेकांशी धड बोलताही येत नाही. म्हणून तारखेचा दिवस दोघांसाठी ठेवावा आणि माणसांना जवळच्या सुट्टीच्या दिवशी बोलवावे, असे माझे मत आहे. माणसांना दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी चालते. तारखेचे महत्त्व तुम्हा दोघांनाच अधिक असते.

‘कुठेतरी जाणे’ म्हणजे मात्र दूर जाणे किंवा खर्च करणे असे समजू नये. आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांचे हात आणि पाय एकमेकांना पट्ट्यांनी बांधले आणि दोघांच्या अंगांमध्ये एक उशी धरून, तिला हात न लावता, रांगत सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सांगितले. सात मिनिटांचा खेळ होता तो. ज्यांना असे काही नवे आणि दमछाक करणारे करायला मिळाले, त्यांना नंतर आपल्या नात्याविषयी अधिक समाधान वाटल्याचे आढळले. नीरस काम दिलेल्या जोडप्यांत तसे दिसले नाही. तेव्हा दोघांपैकी कोणीही आजवर न केलेली एखादी गोष्ट त्या दिवशी मिळून करा. एकाला येते आणि दुसऱ्याला येत नाही अशी गोष्ट निवडू नका, कारण मग एकजण शिक्षक होतो आणि दुसरा ओशाळतो. दोघेही अनाडी असलेले बरे. अबोला तेवढा आधी सोडा, आणि तो सोडण्याचा मान स्वतःकडे घ्या.

प्रश्न : आमचे लग्न 29 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. पहिला वाढदिवस 2025 मध्ये आहे आणि त्या वर्षी ती तारीखच नाही. मी 28 फेब्रुवारी म्हणते, हे 1 मार्च म्हणतात. निवाडा तुम्ही करावा, असे दोघांच्या संमतीने लिहीत आहे.

उत्तर : दोघांनी मिळून एकच पत्र लिहिलेत याचा फार आनंद झाला. निवाडा कॅलेंडरपेक्षा पृथ्वीवर सोपवू या. तिला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला 365 दिवस आणि सुमारे 5 तास 48 मिनिटे लागतात. हे वरचे तास साठत जातात म्हणूनच दर चार वर्षांनी बहुधा एक जादा दिवस घ्यावा लागतो आणि 29 फेब्रुवारी अस्तित्वात येते. तुमच्या लग्नानंतरचे 365 दिवस 28 फेब्रुवारी 2025 रोजी, लग्नाच्याच वेळेला पूर्ण होतील. त्या वेळेत आणखी 5 तास 48 मिनिटे मिळवा. लग्न सकाळी अकराला लागले असेल तर 28 तारखेला संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास तुमचे वर्ष भरेल आणि निवाडा तुमच्या बाजूने होईल. लग्न संध्याकाळी सव्वासहानंतरचे असेल तर मध्यरात्र उलटून जाईल आणि 1 मार्च म्हणणारे तुमचे यजमान बरोबर ठरतील.

लग्नाची नेमकी वेळ दोघांनाही सांगता येत नसेल तर त्या दिवशीच्या छायाचित्रांवर ती नोंदलेली असते; ती शोधण्यासाठी दोघांनी एकत्र बसून सगळी छायाचित्रे पाहावीत. खरी 29 तारीख यानंतर 2028 मध्ये येईल आणि तेव्हा तुमच्या लग्नाला चार वर्षे झालेली असतील. या वर्षी दोघांनी एकमेकांना एकेक पत्र लिहा, पाकिटे बंद करा आणि त्यांवर ती तारीख घाला.